आत्यांची काडी

पत्र आलं तेव्हा मी क्लिनिकमधल्या विम्याच्या टेबलावर बसून एका आजोबांना समजावत होते, की कवळी एसटीत विसरली तर त्याला अपघात म्हणत नाहीत. तेवढ्यात स्क्रीनवर नाव आलं. शालन दत्तू काटकर, तासगाव. नवे दात, खालची उजवी बाजू, नग तीन. मंजूर. पूर्ण खर्च कंपनीचा.

मी किंचाळलेच. आजोबा खुर्चीतून अर्धे उठले.

"काय झालं गं पोरी?"

"आजोबा, माझ्या सासूबाईंना दात येणार!"

"दात? कितव्या वर्षी?"

"त्रेसष्टाव्या! जिल्ह्यात पहिल्याच त्या!"

आजोबांनी कपाळाला हात लावला आणि कवळीचा विषय तिथंच सोडून दिला. मी उठले, दोन नर्सना मिठी मारली, आमच्या डॉक्टर निलोफर मुजावर आत एका पेशंटची दाढ काढत होत्या, त्यांना दारातूनच ओरडून सांगितलं. मग टेबलाशी परत आले, पाणी प्यायले आणि पत्र नीट वाचलं. "सलग तीन वर्षांच्या स्वच्छ नोंदींच्या आधारे", असं त्यात लिहिलं होतं. त्या तीन वर्षांतल्या अकराशे सकाळींपैकी एकही सकाळ आत्यांच्या तोंडाची नव्हती. सगळ्या माझ्या तोंडाच्या होत्या.

आमच्याकडे सासूला आत्या म्हणतात. माझ्या आत्यांची जुन्या स्टँडमागे फुटाण्याची भट्टी आहे. मोठ्या कढईत वाळू तापते, तिच्यात हरभरा उडायला लागतो, आणि तो नेमका कधी उतरवायचा हे आजवर फक्त एकाच गोष्टीनं ठरलं, आत्यांच्या उजव्या दाढांनी. प्रत्येक घाण्यातला एक दाणा त्या तोंडात टाकणार, डोळे मिटणार, कुडुम करून चावणार आणि निकाल देणार: "कच्चा." नाहीतर "उतरव." माझा नवरा धैर्यशील हौसेनं तापमान मोजायचं यंत्र घेऊन आला, वरून कॅमेराही लावला. यंत्र म्हणायचं झाला, आत्या म्हणायच्या अजून दोन मिनिटं, आणि गिऱ्हाईक म्हणायचं शालनबाईंचे फुटाणे ते शालनबाईंचेच. दोनदा हरल्यावर धैर्यशीलनं यंत्र गुंडाळून माळ्यावर टाकलं.

दोन वर्षांपूर्वी हिरड्या सुजून त्यांच्या खालच्या उजव्या तीन दाढा एकामागोमाग हलल्या आणि पडल्या. पेठेतल्या बायकांना आयतीच म्हण सापडली, चणे आहेत तर दात नाहीत! डॉक्टरांनी काढता-घालता येणारे दात बसवून दिले. त्या दातांनी भाकरी चावता येते, पण फुटाणा कळत नाही.

का कळत नाही, ते मला मुजावर मॅडमनी समजावलं होतं. खरा दात भिंतीत खिळा ठोकावा तसा हाडात ठोकलेला नसतो. हाड आणि दात यांच्यामध्ये एक पातळ पडदा असतो, दात त्यात टांगलेला असतो आणि त्या पडद्यात बारीक नसा असतात. केसाएवढी वस्तू दाताखाली आली तरी त्या नसा मेंदूला सांगतात, मऊ आहे, टणक आहे, आधी टणक आणि मग मऊ आहे. दात गेला की तो पडदाही जातो. कवळीला तो नसतो, हाडात स्क्रू मारून बसवलेल्या दातालाही नसतो. म्हणून त्या दातांनी खाता येतं, पण पारख करता येत नाही.

त्यानंतर दोन घाणे कच्चे गेले आणि कोल्हापूरच्या व्यापाऱ्यानं पोती परत पाठवली. आत्या त्या दिवशी कढईपासून उठल्या त्या बाहेरच्या बाकड्यावर जाऊन बसल्या. चाळीस वर्षं जिचं तोंड म्हणजे त्या भट्टीचा कायदा होता, ती बाई आता पुड्या बांधत होती आणि आतून धैर्यशील "आई, बघ गं जरा" म्हणाला की "मला काय कळतंय त्यातलं" म्हणून मान फिरवत होती. मला ते बघवायचं नाही. आमचं भांडण होतं, रोज होतं, पण ते बघवायचं नाही.

आता हा विमा काय प्रकरण आहे ते सांगते. तीन वर्षं दिवसातून वीसदा हेच सांगत आलेय, तोंडपाठ आहे. दवाखान्याचा विमा आणि दाताचा विमा, दोघांची जातच वेगळी. मोठं आजारपण शंभरातल्या थोड्यांना येतं, म्हणून शंभर जणांच्या हप्त्यात त्या थोड्यांचा खर्च निघतो. दात मात्र सगळ्यांचेच किडतात. मग कंपनीला परवडणार कसं? म्हणून ती अटी घालते. तपासणी आणि सफाई फुकट, कारण तिनं पुढचा खर्च टळतो. दात भरायचा तर थोडा भार तुमचा, रूट कॅनालसारखं मोठं काम निघालं तर अर्धा तुमचा, आणि वर्षाची एक मर्यादा, तिच्यापुढे काही मागायचं नाही. पॉलिसी घेतली आणि उद्या मोठं काम काढलं असं चालत नाही, ठरलेले महिने थांबावं लागतं. पॉलिसीच्या आधी पडलेल्या दाताचं काहीच मिळत नाही. आणि शेवटच्या पानावर बारीक अक्षरात, जे कुणीच वाचत नाही: माहिती खोटी निघाली तर पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द.

पुण्याच्या सुहास्य दंतविमा कंपनीनं यात एक नवीन गोष्ट घातली, काडी. बोटाएवढी, टोकाला चिप. रोज सकाळी अर्धा मिनिट दातात धरायची. लाळेतले जंतू, आंबटपणा, तंबाखू, सगळं ती वाचते. हिरवा दिवा लागला तर तोंड स्वच्छ, लाल लागला तर नाही. काडीनं तोंड वाचायचं पण माणसाची ओळख वाचायची नाही, असा कायदाच आहे, नाहीतर उद्या कंपन्या आपलं रक्ताचं नातंसुद्धा तपासतील. तीन वर्षं हिरवी काडी दाखवा आणि मधे दात पडला तर नवा खरा दात कंपनीच्या खर्चानं घ्या. नवा दात घरच्या पैशानं करायचा म्हटलं तर आमची भट्टी विकून एक आला असता.

कंपनी बचत गटात आली तेव्हा आमच्या जिद्द महिला बचत गटाच्या अध्यक्षा शालन काटकर यांनी माइक हातात घेऊन बावीस बायकांना भाषण ठोकलं, "आजपासनं मिसरी बंद! तोंड काळं करायचा धंदा बास!" टाळ्या पडल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाई मोरीपाशी बसून मिसरीची डबी उघडून निवांत हिरड्यांवरून बोट फिरवतायत. काडी शेजारी पडलेली.

"आत्या! काल काय बोललात?"

"काल बोलले ते कालचं झालं. ते काळं तोंडात फिरल्याबगर माजं डोस्कं चालत न्हाई गं." त्यांनी काडी माझ्याकडे सरकवली. "तूच चाव. सकाळचं पाणी तू भरतीस, चहा तू करतीस. त्यात हे एक."

मी चावली, हिरवा दिवा लागला. खरं सांगते, त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलंच नाही. सासूचं काम सून करते, त्यात विचारायचं काय? माझी काडी चहाआधी, त्यांची न्याहारीनंतर, म्हणजे दोन्हींचे आकडे थोडे वेगळे यावेत एवढी अक्कल मात्र मला होती. विम्याच्या टेबलावरची बाई ना मी!

तर पत्र आलं सोमवारी, आणि नवे दात उगवायची सुई ठरली गुरुवारी सकाळी अकराला. मंगळवारी कंपनीकडून औषधाच्या मात्रेचा कागद आला आणि तो आधी माझ्याच टेबलावर आला. मी तो घेऊन मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, ही मात्रा कशावरून ठरवतात?"

मॅडमना असले प्रश्न आवडतात. त्यांनी चष्मा वर केला. "आपल्याला दोनदा दात येतात, दुधाचे आणि कायमचे. पण जबड्यात तिसऱ्या दातांचे कोंबही असतात, झोपलेले. एक प्रथिन त्यांना दाबून ठेवतं. हे औषध त्या प्रथिनाला पकडून बाजूला काढतं आणि कोंब जागा होतो. बास, एवढंच आहे. मोठी करामत आहे ती मात्रेत. कुणाच्या तोंडात ते प्रथिन किती, हे रोज बदलतं, म्हणून काडीच्या तीन वर्षांच्या नोंदींवरून सरासरी काढतात."

"आणि समजा, एखादीची काडी जरा चुकीची असेल तर?"

"किती चुकीची?"

"म्हणजे... पूर्णच."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. "तंबाखूनं ते प्रथिन घटतं. मिसरी लावणाऱ्या बाईच्या तोंडात ते तिसऱ्या हिश्शानं असेल. तिला स्वच्छ तोंडाची मात्रा दिली तर ती तिप्पट झाली. तीनच्या जागी तीस कोंब जागे होतील. हाडाच्या आत दाताचे तुकडे, गुच्छच्या गुच्छ. मग जबडा कोरून काढावा लागतो." त्यांनी मात्रेचा कागद हातात घेतला. "शालनबाईंची काडी हिरवी आणि हिरड्या तशा, हे मला दोन वर्षं कोडंच आहे. कुणाबद्दल विचारतेयस तू, ऋतुजा?"

"असंच."

"असंच कुणी विचारत नाही. गुरुवारच्या आत सांगावंसं वाटलं तर सांग."

तिथंच सांगून टाकायला हवं होतं. पण आधी आत्यांशी बोलते, त्यांच्या तोंडाची गोष्ट आहे, असं म्हणून मी दुपारी भट्टीवर गेले. आत्या बाकड्यावर होत्या आणि चेहरा नुसता फुलला होता! पेठेतली एकही बाई अशी नव्हती जिला त्यांनी दाताची बातमी दिली नव्हती.

"गुरुवारी मी हिरवी इरकल नेसणार. तू बी जरा बरं नेस, फोटो काढणार हाईत."

मी त्यांना आत, पोत्यांच्या खोलीत नेलं आणि सगळं सांगितलं. प्रथिन, तिप्पट मात्रा, कोरलेला जबडा.

"मग मात्रा कमी घाल म्हणावं डाक्टरीनबाईला."

"कमी का घालायची ते विचारतील ना! सांगितलं तर नोंद खोटी. नोंद खोटी तर पॉलिसी रद्द, तुमचीही आणि माझीही. दात कधीच मिळणार नाहीत."

"मग सांगू नगं. वाढले दात तर वाढले. न्हाईत त्यापरीस जास्ती बरे."

"आत्या, ही चेष्टा नाही! जबडा कोरतात!"

"मला कळतंय!" त्यांचा आवाज एकदम चिरकला. "दोन वरसं त्या बाकड्यावर बसून माज्या जिवाचं काय हुतंय ते तुला कळतंय का? आन् गटातल्या बायांना काय तोंड दावू? मिसरी सोडा म्हणून भाषण मीच ठोकलं. तुजी नोकरी जाईल ती येगळीच." मग जवळ येऊन त्या हळू म्हणाल्या, "तू माजी सून हाईस का कंपनीची?"

हे लागलं मला. फार लागलं. मी दारातून भट्टीपाशी उभ्या धैर्यशीलकडे बघितलं. तो कढईतल्या वाळूकडे बघत होता.

"आपलेच दात, आपलेच ओठ," तो म्हणाला. "मी कुणाच्या बाजूनं बोलू?"

"जबड्याच्या बाजूनं बोल!" मी ओरडले आणि निघून आले.

बुधवारभर आम्ही दोघी एका शब्दानं बोललो नाही. सकाळी मी चहा ठेवला, त्यांनी काडी ठेवली. मी ती चावली नाही. त्यांनी ती उचलून डबीत टाकली आणि चहा न पिता भट्टीवर गेल्या.

गुरुवारी क्लिनिकमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. कंपनीनं दारावर झेंडूची तोरणं लावलेली, पुण्याहून निमिष करंदीकर नावाचे साहेब आलेले, कॅमेरावाला आलेला. जिद्द गटाच्या बावीसच्या बावीस बायका नवी लुगडी-साड्या नेसून बाहेरच्या हॉलमध्ये दाटीवाटीनं बसलेल्या. फोटो चांगला यावा म्हणून दाताची खुर्चीच हॉलमध्ये आणली होती आणि तिच्यावर हिरव्या इरकलीत आत्या. डोळ्यांत अशी चमक, की दोन वर्षांत मी ती बघितली नव्हती. करंदीकर साहेबांनी छोटंसं भाषण केलं, शालनताई म्हणजे शिस्तीचा आदर्श वगैरे. मॅडमनी सुई भरली आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

मी काय बोलणार हे मला शेवटच्या क्षणापर्यंत माहीत नव्हतं. आत्यांनी तोंड उघडलं. आत उजवीकडची ती मोकळी हिरडी दिसली.

"थांबा!" मी म्हणाले. "त्या काड्या मी चावल्यात. तीन वर्षं. सगळ्या. त्यांची एकही नाही."

मॅडमनी सुई ताटलीत ठेवून दिली आणि लांब श्वास सोडला. करंदीकर साहेब आधी लाल झाले, मग पांढरे झाले.

"तुम्ही? विम्याच्या टेबलावर बसून? तुमचा पगार कोण देतं, माहीत आहे ना?" ते आत्यांकडे वळले. "हे खरं आहे का, शालनताई?"

मला वाटलं, नाही म्हणणार. आत्यांनी गळ्यातला कागदाचा रुमाल ओढून काढला आणि खुर्चीवरनं उतरल्या.

"चावल्या तिनं. पन चावाय लावल्या मी. सोळाव्या वर्षापासनं मिसरी लावते, त्या भाषणाच्या दुसऱ्या दिवशी बी लावली, आज सकाळी बी लावलीया. बायांनो, हसायचं ते हसून घ्या. हसतील त्यांचे दात दिसतील, माजे तर तेवढे बी न्हाईत."

कुणी हसलं नाही. मागच्या रांगेत बांगड्या वाजल्या आणि हौसाक्का उठल्या, गटाच्या खजिनदार.

"माजी बी सूनच चावती," त्या म्हणाल्या.

"माझी लेक."

"माझी शेजारीण. तिला म्हैन्याला पावशेर फुटाणं देते, शालनच्याच भट्टीतलं!"

आणि मग जे सुरू झालं! एकीमागून एक बाई उठतेय, पदर सावरतेय, सांगतेय. तान्ह्या नातवाला हिरड्याच आहेत म्हणून त्याला सोडून घरातलं प्रत्येक तोंड वापरून झालं होतं. आत्यांना धरून एकोणीस जणी! एक बाई ठसक्यात म्हणाली, "माजी काडी मीच चावते. लालच येती." आता मात्र हॉल हसला आणि आत्याही हसल्या.

करंदीकर साहेब हसत नव्हते. ते भिंतीला टेकले होते आणि फोनवर बोट फिरवत होते. "साठीच्या पुढच्या बायकांच्या मात्रेचं गणित," ते स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाले, "आम्ही ह्याच तीन तालुक्यांच्या बचत गटांवरून बसवलं आहे. हा नमुना होता. सगळ्या राज्याला हाच लावलाय."

मॅडमनी विचारलं, "पुढच्या सुया कधी आहेत?"

"सोमवारी. चारशे."

चारशे बायका! माझ्या डोळ्यांसमोर चारशे जबडे आले. सगळ्यांच्या नोंदीत बसलेली तोंडं कुणाची तर विशी-तिशीतल्या सुनांची. कंपनीच्या मात्रा ठरवणाऱ्या यंत्रानं काय शिकावं मग? त्याला वाटलं, महाराष्ट्रातल्या सासवांची तोंडं म्हणजे नुसती गुलाबाची फुलं.

करंदीकरांनी फोनवरून सोमवारच्या सुया थांबवायला सांगितल्या, तेवढं त्यांनी लगेच केलं, माणूस वाईट नव्हता. मग घाम पुसून म्हणाले, "नियम स्पष्ट आहे. ह्या एकोणीस पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द होतील."

इतका वेळ मी मान खाली घालून उभी होते. ते ऐकलं आणि माझं टाळकं सरकलं.

"करा ना रद्द! आत्ता करा! ह्या एकोणीस जणी घरी जातील आणि संध्याकाळपर्यंत तीन तालुक्यांत बातमी पोचेल, की खरं बोललं की पॉलिसी जाते. मग बाकीच्या गटांतली एक बाई तोंड उघडेल का तुमच्यापुढे? चारशेतल्या किती काड्या खऱ्या हे कसं शोधणार? कायद्यानं तुम्हाला ओळख वाचता येत नाही. तुम्हाला कळणार ते फक्त ह्यांनी सांगितलं तर!"

"म्हणजे तुम्ही मला धमकी..."

"विम्याचं गणित सांगतेय साहेब, तुमचंच! खरी लाळ ह्यांच्याकडे आहे. मिसरीवालीची मात्रा किती हे आज जगात कुणाला ठाऊक नाही, कारण ती एक लालवाली सोडली तर एकाही मिसरीवालीनं कधी स्वतःची काडी चावलेली नाही. पॉलिसी ठेवा. नव्वद दिवस ह्या खऱ्या काड्या देतील, लाल येवोत नाहीतर काळ्या. त्यावरून मात्रा बसवा. चारशे जबडे वाचतील आणि तुमची कंपनीसुद्धा."

मॅडमनी हातमोजे काढले. "तोवर मी कुणालाच ही सुई देणार नाही," त्या म्हणाल्या. "हे लेखी हवं तर लेखी देते."

करंदीकर साहेब बाहेर गेले आणि झेंडूच्या तोरणाखाली उभं राहून तासभर फोनवर बोलले. आत बायकांनी चहा मागवला. आत्या माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि स्वतःच्या कपातला अर्धा चहा माझ्या कपात ओतला. दोन दिवसांनी प्यायलेला तो पहिला चहा आम्हा दोघींचा.

साहेब आत आले ते उत्तर घेऊनच. पॉलिसी राहतील. नव्वद दिवस खरी काडी, न चुकता. पण तीन वर्षांच्या शिस्तीचं बक्षीस म्हणून मिळणारा पूर्ण खर्च आता नाही, मोठ्या कामाच्या नियमानं अर्धा भार आपला, तो वर्षानुवर्षं हप्त्यांनी फेडायचा. बाकीच्या गटांनाही महिन्याभरात खरं सांगितलं तर माफी. आणि ऋतुजा काटकर यांची विमा टेबलावरची नेमणूक आजपासून संपली.

"एवढं तरी नियमाप्रमाणे व्हायला हवं," ते जरा ओशाळून म्हणाले.

"हो हो, होऊ द्या," मी म्हणाले. मला रडू येत होतं आणि हसूही येत होतं. टेबलाच्या खणातून माझा डबा आणि खालून चप्पल घेतली आणि त्या बावीस बायकांबरोबर वरातीसारखी बाहेर पडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यांनी स्वतः काडी तोंडात धरली. लाल दिवा असा पेटला, की धैर्यशीलला वाटलं बिघडली. पुन्हा लाल, रोज लाल. तीन तालुक्यांत आठशेवर काड्या लाल झाल्या आणि पुण्यातल्या त्या यंत्रानं पहिल्यांदा खऱ्या सासवांची तोंडं बघितली. नव्वद दिवसांनी मात्रा बसली, आधीच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाची. मॅडमचा अंदाज अगदी बरोबर निघाला. सुई दिली तेव्हा कॅमेरा नव्हता. मॅडम म्हणाल्या, "आता तंबाखूचा कण गेला तर कोंब उपाशी मरेल, शालनबाई." आत्यांनी कमरेची डबी काढून त्यांच्या टेबलावर ठेवली.

पुढचे दोन महिने आमच्या घरानं कसे काढले ते आम्हालाच ठाऊक! मिसरीविना आत्यांचं डोकं खरंच चालेना. मीठ कमी म्हणून भांडण, जास्त म्हणून भांडण. पोतं सरळ ठेवलं म्हणूनसुद्धा एकदा भांडल्या. लवंगा चघळून चघळून जीभ बधिर झाली. मी आता भट्टीवरच असायचे, घाणा चावायचं काम माझ्याकडे आलेलं. माझे दात सगळे शाबूत, पण ती पारख माझ्यात नव्हती. मी "झाला" म्हणायचे तर कधी व्हायचा, कधी नाही. एक्स-रेच्या फोटोत कोंब वाढताना दिसत होते, तीनच होते, पण त्यांचा पडदा तयार होतो की नाही हे फोटोत दिसत नाही, मॅडमनी आधीच बजावलं होतं. दात येईल आणि तरी काही कळणार नाही, असंही होऊ शकतं. दोघीच असताना आत्या कधीकधी मला विचारायच्या, "नुसताच आला तर गं?" मी लवंगांची डबी त्यांच्यापुढे सरकवायचे.

आठव्या महिन्यात हिरडी सुजली. बाई तान्ह्या पोरासारख्या चिडचिड्या झाल्या, पदराचं टोक चावत बसायच्या. एका सकाळी बाकड्यावरून त्यांनी हाक मारली.

"इकडं ये गं. बघ, काय टोचतंय ते."

मी हात धुऊन आले. त्यांनी आ केला. मी उजव्या हिरडीवरून बोट फिरवलं, मऊ, मऊ, मग एकदम टणक. बारीकसं टोक.

"आलाय आत्या! आलाय! थांबा, दुसरा पण लागतोय का बघू..."

आणि आत्यांनी कचकन माझं बोट चावलं.

"आई गं!" मी हात ओढून घेतला. नखाच्या कडेला रक्ताचा थेंब आला होता. "चावताय काय!"

आत्यांनी माझं बोट दोन्ही हातांत धरलं. रक्ताकडे बघितलंच नाही. डोळे मिटलेले आणि जबडा हळूहळू हलत होता.

"आदी कातडं लागलं," त्या म्हणाल्या. "मंग नख. मंग हाड." त्यांनी डोळे उघडले. "सगळं निराळं निराळं कळलं गं मला, पोरी!"

धैर्यशील झारा टाकून बाहेर धावत आला. समोरून हौसाक्का पदर खोचत आल्या, "काय गं, सकाळी सकाळी सासू-सुनेचं भांडान व्हय?"

"न्हाई हो हौसाक्का!" मी ते रक्ताळलेलं बोट वर धरलं आणि सगळ्या पेठेला ऐकू जाईल असं ओरडले, "चावलं! आत्यांनी मला चावलं!"